पस्तिसाव्या दिवसाचं गवत

आबांचा जेवढा भरवसा गवतावर होता तेवढा माणसांवर नव्हता. माणूस सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरंच. गवत मात्र ठरल्या दिवशी ठरलेलंच करतं, असं ते म्हणायचे. पस्तिसाव्या दिवशी कोवळं, पंचेचाळिसाव्या दिवशी जाड, साठाव्या दिवशी नुसती काडी. वर तुरा डोलायला लागला की रस्त्यावरचा माणूस म्हणतो, वा, काय गवत आहे! आणि खाणारी मेंढी काहीच म्हणत नाही, हीच सगळी पंचाईत आहे, असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

दरवर्षी कोरडे महिने संपत आले की मेंढ्यांच्या शेडमागचं सगळं गिनी गवत ते जमिनीलगत छाटून घ्यायचे. खत द्यायचे, पाणी सोडायचे आणि दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दाराला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात रोज एक खडा टाकायचे. पस्तीस खडे झाले की सकाळी सकाळी शेतात जाऊन एक ताट मोडायचं आणि त्याचं तिसरं पेर दाढेखाली चावायचं. पाणी सुटलं, गोड लागलं की विळा लावायचा. "दातात दोरा राहिला की गवत गेलं म्हणून समजा," हा त्यांचा मंत्र. पहिला विळा त्यांचाच. ती एक पेंढी त्यांनी कापली की मग बाकीच्यांनी उतरायचं आणि जाड व्हायच्या आत एकेक वाफा कापून संपवायचा, म्हणजे शेवटचा होईतो पहिला पुन्हा फुटायला लागतो. पहिल्या विळ्याचा हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. चाळीस वर्षं ते करत आले म्हणून तो नियम झाला होता, आणि त्यांच्याआधी गवताला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

मेंढ्यांचं गणितही त्यांनी त्याच डब्याशी बांधलेलं. कळपात नर कधी सोडायचा ते असं ठरवायचं की गाभण मेंढ्यांचा शेवटचा दीड महिना कोवळ्या गवतात जावा. पिल्लू पोटात खरं वाढतं ते तेव्हाच. हे सगळं वर्षानुवर्षं घड्याळासारखं चालत आलं होतं, म्हणूनच ते बंद पडू शकतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यंदा डब्यात बारा खडे पडले आणि तेराव्या सकाळी पाण्याची टाकी धुताना आबांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा शेडच्या दारात धाकटी सून उभी होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तिनं वाकून एक खडा उचलला आणि डब्यात टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. आबा आले की डबा बरोबर असावा, एवढंच तिच्या मनात होतं.

धाकटीला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि पहिल्या वर्षापासून मेंढ्या तिच्याकडे होत्या. स्वयंपाकघर मोठ्या जावेचं, व्यवहार थोरल्याचा, देखरेख सासूबाईंची; उरल्या त्या मेंढ्या, आणि त्यांचा वास सहन होत नाही असं कुणालाच उघड बोलता येत नव्हतं म्हणून त्या धाकटीला मिळाल्या. तिला मात्र त्या आवडल्या. बेचाळीस मेंढ्या होत्या, त्यातल्या सव्वीस गाभण. त्यातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली टिकली तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. टिकलीला अजून वाटायचं की आपण माणूस आहोत आणि चुकून मेंढ्यांमध्ये राहतोय. शेडचं दार उघडलं की ती आधी धाकटीच्या ओढणीचं टोक चावायची, मग गव्हाणीकडे बघायची. यंदा तिच्या पोटात दोन आहेत, असं जनावरांच्या डॉक्टरबाई हात फिरवूनच म्हणाल्या होत्या.

पस्तिसावा खडा पडला त्या सकाळी धाकटीनं विळा धार लावून ओट्यावर ठेवला. थोरला चहा पीत होता.

"दादा, आज पस्तीस झाले," ती म्हणाली.

थोरल्यानं विळ्याकडे पाहिलं. "आबा सोमवारी येतायत. चार दिवसांत गवताला काय म्हातारपण येतंय?"

"येतं. आबाच म्हणतात."

"आबा म्हणतात ते आबांना म्हणू दे की," थोरला हसून म्हणाला. "येऊ देत त्यांना. त्यांच्या हातचा पहिला विळा लागला की किती बरं वाटेल म्हाताऱ्याला, विचार कर."

त्यात चूक काय होतं? काहीच नाही. धाकटीनं विळा उचलून परत खुंटीला लावला.

सोमवारी आबांना ताप आला. जखमेत पू झाला होता. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस. आठ दिवसांनी ताप उतरला पण छातीत कफ झाला. अजून आठ दिवस. दवाखान्याचे आठ दिवस रबराचे असतात हे त्या घराला नवीनच कळत होतं. दर वेळी सगळ्यांना वाटायचं की हे शेवटचे आठ, आणि दर वेळी गवत वीतभर वाढायचं.

मधल्या काळात एक गोष्ट झाली. ती कुणी ठरवून केली नाही, पण झाली. सासूबाई रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून गवताकडे बघायला लागल्या. एकदा त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ते उभं आहे ना, तसेच हेही उभे राहणार. येऊन विळा लावणार." झालं. त्या दिवसापासून गवत नुसतं गवत राहिलं नाही. आता कापा म्हणणं म्हणजे म्हातारा परत येत नाही म्हणणं, आणि ते सुनेनं म्हणणं म्हणजे तर विचारायलाच नको. लेकीनं म्हटलं असतं तर वेडी काळजी करते म्हणाले असते. सुनेनं म्हटलं की तिच्या पोटात काय आहे ते शोधत बसतात.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. नवरा वाईट नव्हता. फक्त त्या घरात थोरल्याचा शब्द शेवटचा असायचा आणि धाकट्याचा शब्द कधी पहिलाही नसायचा.

"तुझं खरं आहे गं," तो म्हणाला. "पण मी दादाला काय सांगू? आबांची वाट बघू नकोस म्हणून?"

"वाट बघा की. गवत कापून वाट बघा."

"आईला समजावशील तू?"

तिला कुठून समजावता येणार? दोघं एकमेकांकडे बघत मूग गिळून बसले आणि तेवढ्यानं तो दिवस गेला.

त्रेचाळीस खडे झाले तेव्हा धाकटीनं चोरी केली. घरातली माणसं दवाखान्यात गेलेली पाहून ती शेताच्या लांबच्या कोपऱ्यात गेली आणि चार पेंढ्या कापून आणल्या. पात अजून हिरवी होती, पण बुडखे कडक व्हायला लागले होते. तिनं त्या गाभण मेंढ्यांपुढे टाकल्या. कागदाचा आवाज व्हावा तसा आवाज करत मेंढ्यांनी दहा मिनिटांत गव्हाण साफ केली. टिकलीनं खाली पडलेली पानंसुद्धा वेचली. धाकटीला वाटलं, अशा रोज चार पेंढ्या आणल्या तरी निभेल.

पण सासूबाईंच्या नजरेतून गवताची काडी सुटत नव्हती. संध्याकाळी त्यांना कोपऱ्यातलं भोक दिसलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवरच खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून एवढंच म्हणाल्या, "कुणी केलं गं हे?" चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली तो शहरात नळ्या लावून पडलेला, आणि इथे त्याच्या आधी कुणीतरी विळा लावला.

"मी केलं, आई," धाकटी म्हणाली. "मेंढ्यांसाठी."

"मेंढ्यांसाठी," सासूबाई म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विळा खुंटीवरून नाहीसा झाला होता. तो सासूबाईंच्या कपाटात गेला.

थोरल्याला कळत नव्हतं असं नाही. पन्नासाव्या खड्याच्या आसपास एका सकाळी धाकटीनं त्याला गवताच्या कडेला एकटा उभा असलेला पाहिला. त्यानं इकडे तिकडे बघून एक ताट मोडलं, तिसरं पेर दाढेखाली धरलं, चावलं, चावतच राहिला आणि मग थुंकला. बोटांनी दातातून काहीतरी ओढून काढलं. वळला तेव्हा ती समोर. दोघांची नजर भेटली.

"ऊन लागलंय जरा," तो म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हा तिला कळलं की हा भित्रा आहे, आणि आपल्यासारखाच भित्रा आहे. तिला त्याचा राग यायला हवा होता. दयाच आली, आणि दयेचा मेंढ्यांना काय उपयोग?

अठ्ठावन्नाव्या दिवशी साठवणीतलं वाळलं गवत संपलं. आता काहीतरी करणं भागच होतं. थोरल्यानं डोकं लढवलं आणि असा तोडगा काढला की वकिलानं तोंडात बोट घालावं. "विळा लावायचा नाही ना? नाही लावत. मागच्या निम्म्या शेतात मेंढ्याच सोडू. त्या तोंडानं खातील. त्याला काय कापणी म्हणत नाहीत." सासूबाईंनी थोडा विचार केला आणि मान हलवली. दात म्हणजे विळा नव्हे, हे सगळ्यांना पटलं. सुटका झाल्याचा आनंद त्या दिवशी घरभर होता. मोठ्या जावेनं शेजारणीला बोलावून गवत दाखवलं. शेजारीण मान वर करून तुऱ्यांकडे बघत म्हणाली, "बाई बाई, नशीबवान तुमच्या मेंढ्या!"

मेंढ्या गवतात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं ते जंगल नुसतं आतून हलत होतं. चांगली पानं सगळी वर, मेंढीचं तोंड खाली, आणि तोंडासमोर बोटाएवढ्या जाड काड्या. त्यांनी काड्या खाल्ल्या. दुसरं काय खाणार? संध्याकाळी बाहेर आल्या तेव्हा पोटं टम्म फुगलेली. थोरला खूश झाला. "बघ धाकटे, कशा भरल्यात!"

धाकटीनं टिकलीच्या पाठीवरून हात फिरवला. पोट भरलेलं होतं आणि पाठीचा कणा मणीन् मणी बोटांना लागत होता. सकाळीही पोट तेवढंच भरलेलं होतं. सगळ्या बसून रवंथ करत होत्या, करतच होत्या. गव्हाणीकडे कुणी बघेना. टिकलीनं ओढणीसुद्धा चावली नाही.

रविवारी आबांचा फोन आला की थोरला तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावायचा.

"गवत कसं आहे?" पलीकडून आवाज यायचा.

"झकास, आबा!"

"मेंढ्या?"

"मजेत!"

आजारी माणसाला वाईट सांगायचं नाही, हा आणखी एक न लिहिलेला नियम. आबांसाठी गवत राखलंय, हेही त्यांना सांगायचं नव्हतं. आल्यावर डोळ्यांनी बघू देत, खूश होतील, असं सासूबाईंचं म्हणणं.

बासष्टाव्या दिवशी मोठ्या जावेला बरं नव्हतं म्हणून दवाखान्यात डबा घेऊन जायची पाळी धाकटीवर आली. निघताना सासूबाईंनी तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "माझी शपथ आहे. मेंढ्यांचं, गवताचं काही बोलायचं नाही. त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही."

ती बोलणार नव्हतीच. पण शपथ तोंडाला घातली होती, हातांना नाही. जाता जाता तिनं कडेचं एक तुऱ्याचं ताट मोडलं, तीन घड्या घातल्या आणि पिशवीत डब्याशेजारी ठेवलं. आबांना दाखवायचं. ते पेर चावतील, दातात दोरा येईल, आणि मग तिला काही बोलावंच लागणार नाही. सगळा रस्ता ती हाच विचार करून धीर धरून होती.

आबा खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. निम्मे झाले होते. तिला पाहून हसले तेव्हा तोंडाचं बोळकं दिसलं. दातांची कवळी उशाशी एका डबीत पाण्यात ठेवलेली होती.

"हिरड्या सुजल्यात," ते म्हणाले. "महिना झाला, पेजेवर आहे. तू कशी काय आलीस आज? मेंढ्यांना कोण बघतंय?"

"आहेत ना हे," ती म्हणाली. डब्याचं झाकण काढताना तिचा हात पिशवीतच घोटाळला. मग तिनं ते ताट काढून त्यांच्या हातात दिलं.

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी आधी त्याचा वास घेतला, डोळे मिटून, मोठा श्वास घेऊन. मग तुऱ्यावरून बोट फिरवलं. काडी चाचपली. धाकटी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. आता, आता कळेल.

"दाणा भरलाय," आबा म्हणाले. "बियाण्याला ठेवलंस ना कडेचं?"

तिनं डब्यातली पेज वाटीत ओतली.

"मी इथे पडल्या पडल्या हाच घोर लावून घेतला होता बघ. म्हटलं, पहिला विळा थोरल्यानं लावला असेल, कापणी वेळेवर झाली असेल. ते कळतं त्याला. गवत काय माझ्यासाठी थांबतंय? पण कडेची एक ओळ बियाण्याला ठेवायची, हे नक्की विसरणार. सगळं भुईसपाट करून मोकळे होणार." त्यांनी ताट तिच्यापुढे धरून हलवलं. "तू ठेवलंस. शहाणी पोरगी. तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

नाही, आबा. कडेचं नाही, सगळंच उभं आहे. हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण म्हातारा महिन्याभरात पहिल्यांदा हसत होता, सासूबाईंच्या डोक्याचा स्पर्श तळहाताला अजून होता, आणि खरं सांगायचं तर शहाणी हा शब्द त्या घरात तिला आजवर कुणी दिला नव्हता.

"हो," ती म्हणाली.

आबांनी ते ताट उशाशी, कवळीच्या डबीशेजारी ठेवून घेतलं. परतताना ती बसच्या खिडकीशी बसून रडली. शेजारची बाई म्हणाली, पेशंट गंभीर आहे का? धाकटीनं मान हलवली. कुठल्या पेशंटबद्दल, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बहात्तराव्या दिवशी पहिली मेंढी बसली. बसली ती उठेना. नजर शून्यात, दात करकरा खाते, तोंडाला गोडसर आंबूस वास. डॉक्टरबाई आल्या, डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि शेडमागच्या जंगलाकडे पाहिलं.

"हे कुणी असं वाढवलं?" त्यांनी विचारलं.

"पोट भरतंय हो रोज," थोरला म्हणाला.

"पोटच भरतंय. पोटात जागा किती? निम्मी पिल्लांनी घेतली. उरलेल्या निम्म्यात तुम्ही काड्या कोंबताय. काडी दोन दोन दिवस हलत नाही, म्हणून मेंढीला भूकच लागत नाही. आणि पिल्लं तर आत मागतायत. मग ती आपल्याच अंगातलं काढून त्यांना देते. जोवर आहे तोवर." बाईंनी हात पुसले. "पेंड द्या, धान्य द्या थोडं थोडं, झाडपाला द्या. पण आधीच द्यायला हवं होतं."

"आता कापलं तर?" धाकटीच्या नवऱ्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला बिचारा.

"कापा की. कोवळं फुटून यायला आणखी महिना. मेंढ्यांकडे दोन आठवडे आहेत."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं मग घर कामाला लागलं. नवऱ्यानं पेंडीची पोती आणली. धाकटी दिवसभर बांधावरच्या सुबाभळींवर चढून पाला ओरबाडत होती, तळहात सोलले. काही मेंढ्या सावरल्या. तीन मेल्या, पोटातल्यांसकट. ऐंशीव्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा टिकली उठली नाही. डॉक्टरबाईंनी तोंडातून गुळमट औषध पाजलं, सुई टोचली, पोटावर हात ठेवला. "पिल्लं जिवंत आहेत अजून. उद्या संध्याकाळपर्यंत उठली तर उठली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी धाकटीकडे बघायचं टाळलं.

आणि एक्क्याऐंशीव्या दिवशी आबा आले. खरोखरच आले.

सासूबाईंनी गाडी आधी शेताकडे घ्यायला लावली. थोरल्यानं आबांना धरून खुर्चीत बसवलं. समोर रस्त्याकडचं निम्मं शेत, विळा न लागलेलं, पिवळं पडायला लागलेलं, डोक्यावर तुरे घेऊन उभं. आबा बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची मान हळूहळू फिरली.

"सगळंच बियाण्याला ठेवलं?" ते इतक्या हलक्या आवाजात म्हणाले की थोरल्याला ती थट्टा वाटली.

"तुमच्यासाठी ठेवलं, आबा!" तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "कुणाला विळा लावू दिला नाही. आईनं तर विळा कपाटात कुलपात ठेवला."

सासूबाई विळा घेऊन पुढे आल्या. रडत होत्या, हसत होत्या, पदरानं विळ्याचं पातं पुसत होत्या. चाळीस दिवस जी बाई पायरीवर बसून एका गवताच्या आधारानं जगली, तिच्या हातातून आबांनी विळा घेतला. खुर्चीतून वाकवेना, तेव्हा थोरल्यानं ताटं वाकवून त्यांच्या मांडीवर धरली. विळा दोनदा सटकला. तिसऱ्यांदा मूठभर कापली गेली.

मग आबांनी सवयीनं एक ताट मोडलं. ते मोडेना, पिळावं लागलं. तिसरं पेर त्यांनी तोंडात घातलं. कवळी घातलेली होती. ते चावत होते आणि सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. धाकटी मागे, गाडीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता हा माणूस बोलणार. आता सगळं बाहेर येणार, आणि येऊ दे एकदाचं.

आबांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेवटी सासूबाईंकडे.

"गोड आहे," ते म्हणाले.

सासूबाईंनी हात जोडले. दोघे भाऊ विळे घेऊन गवतात उतरले.

दुपारी आबा वॉकरच्या आधारानं सावकाश चालत शेडमध्ये आले. दाराशी थांबून त्यांनी पत्र्याचा डबा हातानं उचलून पाहिला. डबा काठोकाठ भरला होता. त्यांनी खडे मोजले नाहीत, डबा तसाच सोडला. धाकटी टिकलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आबा मोठ्या कष्टानं शेजारच्या पोत्यावर टेकले. गालाच्या आतून बोटानं ओढून त्यांनी एक ओला दोरा काढला आणि तिला दाखवला. सकाळपासून तो त्यांनी थुंकला नव्हता.

"त्या दिवशी तू हेच दाखवायला आली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

शपथ घातली होती, असं तिला सांगता आलं असतं. तेही खरंच होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं.

"तुम्ही मला शहाणी म्हणालात, आबा."

आबांनी तो दोरा बोटाला गुंडाळला. "मीही गोडच म्हणालो की," ते म्हणाले. मग त्यांनी आपला सुकलेला हात टिकलीच्या पोटावर ठेवला. धाकटीचा हात तिथेच होता. आतून एक लाथ लागली, जराशी, दोघांच्या हातांना. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. बाहेरून विळ्यांचा आवाज आणि सासूबाईंचं मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. त्या कुणाला तरी सांगत होत्या की पहिली पेंढी आधी आजारी मेंढीला घाला.

थोरला पेंढी घेऊन आला. घामानं भिजलेला, खूप दिवसांनी मोकळा झालेला. त्यानं ती टिकलीच्या तोंडापुढे नीट पसरली आणि तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर थोपटलं. "घे बाई, खा. आबांच्या हातची आहे."

टिकलीनं मान जराशी उचलली, माणसांचं ऐकायची तिला सवय होती, आणि एक काडी तोंडात घेतली. तिनं ती दोनदा चावली. संध्याकाळी धाकटीनं तिचे डोळे मिटले तेव्हा ती काडी तिच्या तोंडात तशीच होती.